दुकानाच्या पाठीमागची शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कौलारू इमारत, घंटा, फळा आणि हजेरीपट उभा राहतो. आज मी आपणांस ज्या शाळेची हकीकत सांगणार आहे, तिला ना घंटा होती, ना दारावर पाटी. पुढे किराणा मालाचे दुकान आणि त्याच्या मागे दोन खोल्या. त्या खोल्यांना खिडक्यासुद्धा ठेवलेल्या नव्हत्या. आत काय चालले आहे हे रस्त्याने जाणाऱ्या गोऱ्या माणसाला दिसू नये म्हणून ही खबरदारी! ७ जानेवारी १९५७ च्या रात्री या मागच्या खोलीत चौदा प्रौढ माणसे अक्षरे शिकायला बसली. गाव होते अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यातले जॉन्स आयलंड, म्हणजे चार्ल्सटन शहराजवळचे एक बेट.

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात चार माणसांनी अक्षर गिरवायचे, तर त्यात लपवण्यासारखे काय आहे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. याच दक्षिण कॅरोलायनाने १७४० साली कायदा करून गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. मालकाला ठाऊक होते, की ज्याला वाचता येते त्याला हिशेबही विचारता येतो. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि १८७० साली देशाच्या घटनेत दुरुस्ती झाली, की वर्णावरून कोणाचाही मताचा हक्क हिरावून घेता येणार नाही. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ सालचे आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले ते याच दिवसांत.

पण हक्क कागदावर राहिला. १८९५ साली दक्षिण कॅरोलायनाने आपल्या राज्याची नवी घटना केली. मत द्यायचे असेल तर नाव नोंदवताना घटनेतले कोणतेही कलम वाचून व लिहून दाखवा, नाही तर तीनशे डॉलरांच्या मालमत्तेवर कर भरल्याचे दाखवा. खुबी पाहा. या अटीत काळा हा शब्द कुठेही नाही! कलम कोणते द्यायचे आणि वाचले ते बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी-कारकून, आणि तो गोरा. आधी पिढ्यान्‌पिढ्या शिकू द्यायचे नाही, आणि मग शिकला नाहीस म्हणून मत द्यायचे नाही. असा हा दुहेरी फास होता.

या बेटावर इसो जेन्किन्स नावाचा एक उद्योगी गृहस्थ राहत असे. शाळेत तो फार शिकला नव्हता, पण अंगी हिकमत मोठी. चार्ल्सटनच्या ग्रीक दुकानदारांना भाजी विकताना घासाघीस नीट करता यावी म्हणून हा पठ्ठ्या चक्क ग्रीक बोलायला शिकला! पुढे त्याने बस घेतली. रोज सकाळी बेटावरच्या मजूर बायापुरुषांना तो शहरात कामावर पोचवी. एक दिवस ॲलिस वाइन नावाची उतारू बाई त्याला म्हणाली, की मला मत द्यायचे आहे. घटनेचा तो उतारा शिकवशील का? झाले! बसमध्येच वर्ग सुरू झाला. उतारू जमेपर्यंत गाडी उभी असे, तेवढ्यात जेन्किन्स घटनेतला भाग वाचून दाखवी आणि समजावून देई. ॲलिसबाईंनी तो सगळा उतारा तोंडपाठ केला आणि नाव नोंदवून घेतले. पण पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, हे बाईंनाही कळत होते. त्यांना खरोखरचे वाचायला शिकायचे होते. तेव्हा शाळा हवी, असे जेन्किन्सच्या मनाने घेतले.

इथे सेप्टिमा क्लार्क या बाईंची ओळख करून दिली पाहिजे. शिक्षकबंधुभगिनींनी तर ही हकीकत जरूर ऐकावी. बाईंचा जन्म १८९८ चा, चार्ल्सटनचा. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे १९१६ साली, त्या याच बेटावर शिक्षिका झाल्या. कारण चार्ल्सटन शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना तेव्हा मज्जावच होता. इथे दोन शिक्षिकांच्या गळ्यात १३२ मुले, आणि बाईंना पगार महिना ३५ डॉलर. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत मुले तीन आणि तिथल्या बाईला पगार ८५! समान कामाला समान पगार मिळावा म्हणून कोलंबिया शहरात जो दावा चालला त्यात क्लार्कबाई पुढे होत्या, आणि १९४५ साली तो जिंकला.

मग १९५६ साल उजाडले. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणारी जी राष्ट्रीय संस्था होती, तिचा सभासद असणाऱ्याला सरकारी नोकरी नाही, असा कायदा दक्षिण कॅरोलायनाने केला. बाईंनी सभासदत्व लपवायला साफ नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर पेन्शनही गेली. बाईंनी राज्यातल्या काळ्या शिक्षकांना ७२६ पत्रे धाडली, की आपण मिळून या कायद्याला विरोध करू. उत्तरे आली २६. अधिकाऱ्याला भेटायची वेळ आली तेव्हा हजर राहिले फक्त पाच जण.

या शिक्षकांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्याची चूल महिन्याच्या पगारावर पेटते, त्याने एका पत्रावरून घरादारावर पाणी सोडावे अशी अपेक्षा कशी करायची? बाईंनी स्वतःच पुढे यातून धडा घेतला, की माणसांना आधी तयार केले पाहिजे, नुसते आवाहन करून भागत नाही. आणि दुसरे असे, की पुढारी शोधायचे ते ज्यांच्या पोटाला गोरा मालक हात घालू शकत नाही अशांत.

टेनेसी राज्याच्या डोंगरात मायल्स हॉर्टन यांनी १९३२ साली ‘हायलँडर’ नावाची लोकशाळा काढली होती. डेन्मार्कमधल्या लोकविद्यालयांवरून त्यांना ही कल्पना सुचली. तिथे काळे-गोरे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत; त्या भागात ही गोष्ट कायद्याविरुद्ध होती. बसमधली जागा सोडायला नकार देऊन माँटगोमेरीचा लढा पेटवणाऱ्या रोझा पार्क्स याच १९५५ च्या उन्हाळ्यात इथल्या शिबिराला येऊन गेल्या होत्या. नोकरी गेल्यावर क्लार्कबाई इथे कामाला आल्या. हायलँडरने जेन्किन्सच्या मंडळाला कर्ज दिले, त्यातून बेटावरची एक जुनी शाळेची इमारत घेतली, आणि पुढे दुकान, मागे वर्ग अशी ती योजना झाली.

शिक्षक कोण? क्लार्कबाईंनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना गाठले. त्यांचा धंदा बायकांचे केस नीटनेटके करून देण्याचा. “मी कुठली शिक्षिका?” म्हणून त्या अंग काढू लागल्या. पण नेमकी हीच गोष्ट हॉर्टन आणि क्लार्क यांना हवी होती. शाळामास्तरी आवाजात प्रौढ माणसाला ‘अ’ म्हणायला लावले, की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. शिवाय बाईंची गिऱ्हाइके सारी काळी, तेव्हा त्यांना नोकरीवरून काढणार कोण?

रॉबिन्सनबाईंनी पहिल्या रात्री लहान मुलांची पुस्तके नेली आणि तिथेच त्यांच्या ध्यानात आले, की हे काही चालायचे नाही. त्यांनी सरळ विचारले, की तुम्हांला काय शिकायचे आहे? कोणाला आपले नाव लिहायचे होते, कोणाला टपालाने माल मागवण्याचा छापील कागद भरायचा होता, कोणाला मनिऑर्डर करायची होती. तोच अभ्यासक्रम ठरला! पुठ्ठ्यावर नाव मोठ्या अक्षरांत लिहून त्यावरून पेन्सिल फिरवायची, हाताला वळण लागेपर्यंत. नांगर आणि कुदळ धरून राठ झालेल्या बोटांत पेन्सिल मोडत असे, ती पुन्हा द्यायची. भिंतीवर बाईंनी संयुक्त राष्ट्रसंघाचा १९४८ सालचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि सांगितले, की वर्ग संपेल तेव्हा तो तुम्ही सर्वांनी वाचायचा. एकदा फळ्यावर सगळ्यांची नावे लिहिली, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने उठून त्या गर्दीतून आपले नाव ओळखून दाखवले. जन्मभर सही म्हणून कागदावर फुली काढणाऱ्याला ही केवढी गोष्ट वाटली असेल, ते आपल्या खेड्यांत प्रौढांचे वर्ग चालवलेल्या कोणाही शिक्षकाला विचारा.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. अंगठेबहाद्दरांना मत कशाला, असा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला. इंग्रजी अमदानीत मताला मालमत्तेची आणि शिक्षणाची अट होतीच. आपल्या राज्यघटनेने ती काढून टाकली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत न वाचणाऱ्यासाठी मतपेटीवर बैलजोडी, झोपडी अशी चित्रे आली. माझ्या मते हा निर्णय बिनतोड होता. साक्षरतेला हक्काची अट केले, की शिकवण्याचे काम ज्यांच्या हाती असते त्यांच्याच हाती हक्कही जातो. दक्षिण कॅरोलायनात दुसरे काय झाले?

जॉन्स आयलंडच्या वर्गातून मतदार निघाले, तसे शेजारच्या बेटांवरून निरोप येऊ लागले, की आम्हांलाही वर्ग द्या. टेनेसी सरकारची नजर आता हायलँडरवर वळली. १९५९ साली धाड पडली, खटला झाला आणि १९६१ साली शाळेला टाळे लागले. पण वर्गांचे काम त्याआधीच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेने आपल्याकडे घेण्याचे ठरवले होते. क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी जॉर्जियात डॉर्चेस्टर येथे शिबिरे भरवली. शेतकरी, गवंडी, केशभूषा करणाऱ्या बाया गावोगावहून येत, काही दिवस शिकत, आणि परत जाऊन देवळात नाही तर स्वयंपाकघरात वर्ग भरवत. असे शेकडो वर्ग दक्षिणेत चालले. मोर्च्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. या वर्गांची कोण छापणार? पण मोर्च्यात चालणारी कितीतरी माणसे आधी इथे बसून गेलेली होती.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान-हक्काचा कायदा झाला आणि दक्षिणेतल्या त्या वाचनपरीक्षा स्थगित झाल्या. १९७५ साली त्या साऱ्या देशात कायमच्या बंद झाल्या. त्याच वर्षी सेप्टिमाबाई चार्ल्सटनच्या शाळामंडळावर निवडून आल्या, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. दुसऱ्या वर्षी राज्याने कबूल केले, की त्यांना काढले ते अन्यायाने, आणि वीस वर्षे अडवलेली पेन्शन चालू झाली.