पेत्रोग्राडच्या रांगेत उभ्या राहा

शाल कानांवरून घट्ट ओढून घ्या. पुरुष वाचकहो, तुम्हीसुद्धा. आज तुम्ही रशियातल्या पेत्रोग्राड शहरातल्या सूतगिरणीतली बाई आहात. नवरा महायुद्धाच्या आघाडीवर गेलाय आणि पोरं घरात उपाशी झोपली आहेत. घर म्हणजे काय, तर भाड्याच्या खोलीचा एक कोपरा. मध्ये पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब, वर दोरीवर कोणाचे तरी ओले कपडे आणि सगळ्याला मुरलेला कोबीच्या रश्शाचा वास.

सध्या मात्र तुम्ही वीबोर्ग भागातल्या बेकरीसमोर, अंधारात उभ्या आहात. पाय आपटत राहा, नाहीतर बोटं आहेत की गेली ते कळायचं नाही. आजूबाजूला ओल्या लोकरीचा, कोळशाच्या धुराचा आणि स्वस्त तंबाखूचा दर्प आहे. तेवढ्यात बेकरीचं दार बोटभर उघडतं. उबदार, आंबूस वाफ तोंडावर येते. तो राय धान्याचा काळा पाव! कवच कडक, आत ओलसर, हातात घेतला तर विटेएवढा जड. पोटात कळ उठते. दार पुन्हा बंद.

पुढच्या मावशी सांगतात, काल त्यांचा नंबर आला आणि पाव संपला. मागची म्हणते, पीठ आहे पण भट्टीला सरपण नाही. तिसरी म्हणते, मालगाड्या बर्फात अडकल्यात. कोणाचा तरी मुलगा आघाडीवर गेला, त्याचं पत्र नाही. सभा भरवली तर पोलीस येऊन पांगवतात. पण रांग कशी पांगवणार? रात्रभर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या अनोळखी बायकांना एकमेकींचं सगळं कळतं. गुप्त पोलिसांनी या बायकांची धास्ती कधीच वर कळवली आहे, आणि ती खरी आहे.

भोंगा वाजला. गिरणीत उशीर झाला तर दंड, निघताना फाटकावर झडती. कपड्यांत सूत लपवलं नाही ना, म्हणून अंग चाचपणार. मधले तास यंत्रांच्या खडखडाटात, नाकात कापसाचे तंतू. त्या झडतीची चीड मला आज लिहितानाही येते.

पण आज तुम्ही आत राहत नाही. भारतातल्या कॅलेंडरवर 8 मार्च 1917 आहे, रशियात अजून 23 फेब्रुवारी. महिला दिन. थंडीही आज जराशी सैल आहे. साचे थांबतात, आणि तुम्ही सगळ्याजणी रस्त्यावर. नोबेलच्या कारखान्यासमोर या. वाका, मूठभर बर्फ उचला, गोळा वळा आणि मारा खिडकीवर! "बाहेर या! काम बंद!" काचेवर थाप बसते. काजळी माखलेले चेहरे डोकावतात. मग फाटक करकरतं आणि तेलाचा, तापल्या लोखंडाचा वास घेऊन पुरुषांचा लोंढा तुमच्यात मिसळतो. आता धक्के सांभाळा, बूट निसटला तर परत मिळणार नाही.

लितेइनी पूल पोलिसांनी अडवलाय. अडवू द्या, खालची नेवा नदी गोठलेली आहे. मावशींचा हात धरा आणि काठावरून सावकाश उतरा. पलीकडे चढलात की नेव्हस्की रस्ता गाठायचा. तिथल्या हॉटेलांत अजून मेजवान्या झडतात. खिडक्या बंद असतील, तेव्हा "पाव द्या!" जरा मोठ्यानंच म्हणा.