शून्य रेटिंगचा क्वार्टरबॅक

आज अमेरिकन फुटबॉल, साल २००४. न्यूयॉर्क जायंट्सनी ९ पैकी ५ सामने जिंकलेत, प्लेऑफची आशा शाबूत आहे. अशात प्रशिक्षक टॉम कॉफ्लिन अनुभवी कर्ट वॉर्नरला बसवतात आणि नवख्या ईलाय मॅनिंगला क्वार्टरबॅक करतात. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून जवळपास प्रत्येक चाल सुरू होते तो. आमच्या भाषेत, फ्रेशरला थेट प्रॉडक्शनवर सोडलं!

मॅनिंग सलग ६ सामने हरला. बाल्टिमोरविरुद्ध तर १८ पैकी ४च पास जमले, रेटिंग ०.०. आणि शहर कुठलं, तर न्यूयॉर्क! तिथलं डब्ल्यूएफएएन हे रेडिओ स्टेशन १९८७पासून दिवसरात्र खेळांवरच बोलतंय. फोन लावा, राग काढा. चालू हंगामाचा बळी का दिला, पोराचा आत्मविश्वास मोडला तर काय, हे प्रश्न सरळ होते.

कॉफ्लिन मात्र हलले नाहीत. शेवटच्या सामन्यात मॅनिंगने डॅलसला २८-२४ हरवलं. फेब्रुवारी २००८मध्ये तोवर अजिंक्य असलेल्या पेट्रियट्सना १७-१४ हरवून सुपर बोल जिंकला, सामनावीरही तोच.

मग टीका करणारे चुकले? मला नाही वाटत. २००४चा हंगाम ६ विजय, १० पराभवांवर संपला. ज्या खेळाडूंची कारकीर्द तेव्हाच संपत आली होती, त्यांना २००८च्या चषकाचा काय उपयोग? निर्णय बरोबर ठरला, पण त्याची किंमत भलत्यांनीच मोजली. हे कुणीतरी तेव्हाच बोलायला हवं होतं ना?