गुणधर्माधारित चाचणी : सॉफ्टवेअरचे 'गेज'

भोसरी वा चाकणच्या कारखान्यात तयार झालेला शाफ्ट तपासताना 'गो-नो गो' गेज लावले जाते. माप ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही, एवढेच ते सांगते. संगणकाच्या आज्ञावलींसाठी जवळपास हेच तत्त्व वापरणारी पद्धत म्हणजे गुणधर्माधारित चाचणी होय.

नेहमीच्या चाचणीत मोजकी उदाहरणे व त्यांची अपेक्षित उत्तरे लिहिली जातात. न सुचलेले उदाहरण तपासाविना राहते. या पद्धतीत उत्तराऐवजी नियम लिहिला जातो. संगणक स्वतः शेकडो उदाहरणे तयार करून नियम मोडतो का ते पाहतो आणि मोडल्यास दोष दाखवणारे सर्वांत सोपे उदाहरण शोधून देतो.

स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील कून क्लासेन व जॉन ह्यूज यांनी २००० साली 'क्विकचेक'द्वारे ही पद्धत मांडली. पुढे व्होल्वो मोटारींसाठी विविध पुरवठादारांनी दिलेले 'ऑटोसार' मानकाचे सॉफ्टवेअर तिने तपासले गेले, तेव्हा दोनशेहून अधिक त्रुटी आढळल्या. त्यांतील अनेक त्रुटी मानकाच्या मजकुरातच होत्या. पुरवठादारांच्या साखळीवर उभ्या असलेल्या पिंपरी-चिंचवडच्या वाहनउद्योगाला हा अनुभव बोधप्रद आहे.

पायथॉन भाषेत हे काम 'हायपोथिसिस' हे साधन करते. नमपाय, पांडाज व पायटॉर्च या मुक्तस्रोत ग्रंथालयांच्या चाचण्यांत त्याचा वापर झाला आहे. यंत्रशिक्षणात नेमके उत्तर आधी ठाऊक नसते. म्हणून नियम अधिक उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, 'सॉफ्टमॅक्स' या क्रियेतील संभाव्यतांची बेरीज १ आली पाहिजे. सूत्र जसेच्या तसे लिहिल्यास लहान आकड्यांवर ते बरोबर चालते. पण १००० हा आकडा येताच घातांक संगणकाच्या मर्यादेबाहेर जातो व उत्तर निरर्थक ठरते. आधी सर्व आकड्यांतून सर्वांत मोठा आकडा वजा करणे, हा त्यावरील उपाय.

असा दोष ग्रंथालयात राहिल्यास तो वापरणाऱ्या प्रत्येक प्रणालीत निमूटपणे शिरतो. सुटे भाग कॅमेऱ्याने तपासणारी प्रणाली मग सदोष भागही पुढे धाडू शकते.

पद्धतीला मर्यादाही आहेत. दशांश गणितातील सूक्ष्म फरकांसाठी सहनसीमा ठरवावी लागते, चाचण्यांना वेळ अधिक लागतो आणि नियमच चुकला तर निष्कर्षही चुकतो. त्यामुळे सुरुवात लहान गणिती क्रियांपासून करणे आणि सापडलेले प्रत्येक दोषदर्शी उदाहरण नेहमीच्या चाचण्यांत कायम ठेवणे श्रेयस्कर ठरते.