एका चित्राच्या तीन उघडझापा

‘राजा हरिश्चंद्र’ किती मिनिटांचा होता? बहुतेक ठिकाणी चाळीस मिनिटं असं लिहिलेलं सापडतं. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं किंवा बरोबर एक फूट फिल्म. या हिशेबाने ३,७०० फुटांना ३,७०० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ ६२ मिनिटं. तीच फिल्म आजच्या सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने पळवली तर ४१ मिनिटांत संपते. चाळीस मिनिटांचा आकडा जुळतो तो असा, नंतरच्या यंत्राच्या वेगाशी. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये बसलेल्या माणसांनी किती वेळ पाहिला, ते दांडा फिरवणाऱ्याच्या मनगटावर होतं.

हा हिशेब मांडायचं कारण चित्रपटाचं नाही, विमानाचं आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवून घरच्या संगणकावर विमान उडवणारी मंडळी आज याच आकड्याशी झुंजत असतात. त्यांचा शब्द फ्रेम रेट. सेकंदाला किती चित्रं, आणि ती एकसारख्या अंतराने येतात की अडखळत. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊनही अडखळणं जात नाही, कारण बहुतेकांची समजूत असते की यंत्र जितकी जास्त चित्रं काढेल तितकं दृश्य स्थिर. या आकड्याची कुळकथा वेगळंच सांगते. स्थिरता प्रत्येक पिढीत आली ती जास्त चित्रं काढून नव्हे, तर काढलेलं चित्र पुन्हा, पण वेळेवर दाखवून.

सुरुवात वेगाच्याही आधीची आहे. १८९२ मध्ये कल्याणचे महादेवराव पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ दाखवत तेव्हा काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकत. तिथे सेकंदाचा हिशेब नव्हता, हाताचं कसब होतं. चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलत्‌चित्रं आली आणि चित्रं दात्यांवर चढली. दात्यांना भोकं लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ बनवणारे दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, त्याबरोबर भोकं पाडण्याचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म भोकांशिवाय मिळे. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पाडत. भोक केसभर वरखाली झालं तर पडद्यावर राजवाडा थरथरायचा. आपल्याकडे चित्र ‘स्थिर’ ठेवण्याचं पहिलं काम कुणी केलं असेल तर ते या बाईंनी, आणि त्यांचं नाव कॅमेऱ्याच्या इतिहासात यायला हवं तितकं येत नाही.

फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा अंकुर वाढत असताना ठरावीक काळाने एकेक चित्र घेतलं आणि ती सलग पळवून दाखवली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती या छोट्याशा पट्टीने. चित्र घेण्याचा वेग आणि ते दाखवण्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या कुंडीत सिद्ध झालं होतं. आमच्या या कथेचं बी तेच.

आता मुख्य युक्ती. सेकंदाला १६ चित्रं हालचालीच्या भासाला पुरतात, पण उजेडाच्या लुकलुकीला पुरत नाहीत. दोन चित्रांच्या मधे फिल्म सरकताना उजेड झाकावा लागतो, आणि सेकंदाला सोळा वेळा झाकला तर डोळे दुखतात. साधारण ४८ झाकणींच्या पुढे लुकलुक जाणवेनाशी होते. सेकंदाला ४८ चित्रं घ्यायची म्हणजे फिल्मचा खर्च तिप्पट. त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी उपाय निघाला तो प्रोजेक्टरच्या भिंगापुढे फिरणाऱ्या तीन पात्यांच्या चकतीचा. एकच चित्र जागेवर उभं असताना चकती ते तीनदा उघडते-झाकते. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. नवं चित्र एकही नाही आणि लुकलुक गेली. पुढे बोलपटात वेग २४ झाला तेव्हा दोन पाती पुरली. गुणाकार तोच राहिला.

बोलपटाने आणखी एक सक्ती आणली. मूकपटात दांडा जरा हळू-जलद झाला तरी डोळा चालवून घेई. आवाज फिल्मला बांधला गेल्यावर वेग हलला की गाणारीचा सूर हलू लागला, आणि कान ते माफ करत नाही. ‘आलम आरा’ (१९३१), मग प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथपासून मनगट जाऊन मोटर आली. स्थिर वेग डोळ्यासाठी आला नाही, कानासाठी आला; हे लक्षात ठेवायला हवं, कारण हेडसेटमध्ये पुन्हा कानच मधे येतो, फक्त ऐकण्यासाठी नव्हे. दूरदर्शनने चकतीची युक्ती अर्धी करून वापरली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा सेकंदाला २५ चित्रं येत, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत : आधी विषम ओळी, मग सम. पडदा ५० वेळा उजळे आणि खर्च २५ चित्रांचा.

विमानाची नक्कल या वाटेवर बाजूने येऊन मिळाली. अमेरिकेत एडविन लिंकने १९२९ मध्ये जे शिकवणी-विमान बनवलं त्याला चित्रच नव्हतं. बापाच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते लावून त्याने लाकडी डबा हलता-डुलता केला. वैमानिक आत बसून नुसती उपकरणं वाचायचा. पुढे भिंतीएवढी गावं-शेतं मांडून त्यावरून टीव्हीचा कॅमेरा फिरवत. १९७० च्या दशकात संगणकाने दृश्य काढायला घेतलं, आणि तेव्हाच्या यंत्राला दिवस परवडत नव्हता म्हणून इव्हान्स अँड सदरलँड कंपनीने रात्र निवडली : काळोख, धावपट्टीचे दिवे, दूर शहराचे ठिपके. थोडं काढायचं, पण ठेक्यात काढायचं. व्यावसायिक सिम्युलेटर पुढे हे शास्त्रशुद्ध करत गेले. वेळ संपत आली की यंत्र आपणहून दूरची झाडं गाळायचं, इमारतींच्या कडा साध्या करायचं. १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रं तर चित्राची बारकाईच क्षणाक्षणाला कमी-जास्त करत, पण ठेका सोडत नसत. घरच्या खेळांचं वळण याच्या उलट. ब्रूस आर्टविकच्या ॲपल संगणकावरच्या विमानापासून ते मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीपर्यंत घरच्या सिम्युलेटरने नेहमी देखाव्याला आधी जागा दिली आणि ठेक्याला उरलेली.

त्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून सगळी पृथ्वी मांडलेली आहे, म्हणून त्यात आमचं आदिलाबादजवळचं जैनथही आहे. आदिलाबादला निजामाच्या काळातली धावपट्टी आहे, प्रवासी विमान मात्र तिथून उडत नाही. त्यामुळे या भागाला आपलं गाव वरून पाहायचं तर हीच सोय. नागपूरहून निघावं, पांढरकवडा मागे टाकून पैनगंगा ओलांडावी, की खाली सपाट कापसाची रानं आणि विरळ घरं. इथे संगणक निवांत असतो. तेच विमान मुंबईवर न्या. सांताक्रूझच्या धावपट्टीकडे वळताना खाली दाटीवाटीने छपरं येतात, प्रत्येकाचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो, आणि सावकारासारखा तो एकेक चित्र रोखून धरतो. पडद्यावर हे नुसतं चिडचिडं वाटतं. हेडसेटमध्ये पोट ढवळतं.

कारण हेडसेटमध्ये डोकं वळतं. डोकं वळल्याची खबर कानातल्या तोलाच्या नळ्या मेंदूला लगेच देतात, आणि डोळ्यापुढचं चित्र मागे राहिलं तर दोघांची साक्ष जुळत नाही. डोकं हलल्यापासून उजेड बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या आत काम उरकावं, असं या क्षेत्रातले लोक धरून चालतात. इव्हान्स अँड सदरलँडमधल्याच इव्हान सदरलँडने १९६८ मध्ये हार्वर्डला छतापासून लोंबणारा डोक्यावरचा पडदा केला तेव्हा त्यात रेघांच्या चौकटीच होत्या, तरी ही अडचण हजर होती. सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये एका चित्राला ११.१ मिलिसेकंद मिळतात, तेही दोन डोळ्यांसाठी दोनदा. मुंबईवर हे जमत नाही. बहुतेक घरच्या यंत्रांना सतत जमत नाही.

इथे तीन पात्यांची चकती परत आली, फक्त हुशार होऊन. १९९४ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात मॅथ्यू रेगन आणि रोनाल्ड पोझ यांनी एक पद्धत मांडली : डोक्याभोवती सगळीकडचं चित्र आधी काढून ठेवा आणि डोकं कुठे वळलंय हे अगदी शेवटच्या क्षणी पाहून त्यातला तुकडा उचला. जवळच्या वस्तू वारंवार काढा, लांबच्या कधीमधी. विमानाला हे बरोबर लागू पडतं. लांबचे सातमाळा डोंगर सेकंदाला नव्वद वेळा काढण्यात काय अर्थ? ही कल्पना वीस वर्षं बहुतेक प्रयोगशाळांतच राहिली. २०१३ मध्ये प्रोग्रामर जॉन कारमॅकने ती घरच्या हेडसेटसाठी मांडली, २०१६ च्या मार्चमध्ये हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने पीसीवर ती चालू केली आणि नोव्हेंबरात पुढचं पाऊल टाकलं : संगणकाने ४५ चित्रं काढायची, मधली ४५ आधीच्या चित्रांची हालचाल पाहून ताणून-वळवून बनवायची. डोळ्याला ९० मिळतात. पंचेचाळीस दुणे नव्वद. जुना प्रोजेक्टर तेच चित्र जसंच्या तसं दाखवायचा. हे यंत्र डोकं जितकं वळलं तितकं ते सरकवून दाखवतं, एवढाच फरक.

किंमत आहे. यंत्र अंदाज बांधतं आणि अंदाज चुकतो तो जवळच्या, वेगाने फिरणाऱ्या वस्तूंवर. पंख्याच्या पात्यांभोवती हवा पाण्यासारखी थरथरते, पंखाचा टेकू डोंगरासमोरून जाताना त्याची कड वितळते. काहींना हे सहन होत नाही आणि ते युक्ती बंद करून कच्च्या चित्रांच्या मागे लागतात. मला ती चूक वाटते. पंख्याची थरथर कुरूप असेल, पण दर वळणावर अडखळणारं आकाश त्याहून वाईट.

तेव्हा नवं कार्ड घेण्याआधी हे करून पाहा. हेडसेट ९० वर असेल तर सिम्युलेटर ४५ वर बांधा, ७२ वर असेल तर ३६ वर. बरोबर निम्मा, मधला कुठलाही नाही. ढग एक पायरी उतरवा, दूरच्या जमिनीचा तपशील दोन पायऱ्या. आणि परीक्षा जैनथवर घेऊ नका, तिथे सगळंच पास होतं. सांताक्रूझला पावसाळी संध्याकाळी उतरून घ्या.