संघनायक कोणी निवडायचा?

सहा ते आठ मुलं, त्यांच्यातलंच एक मूल त्यांचं पुढारी, आणि त्या पुढाऱ्याच्या हाती खरंखुरं काम. मुलांमध्ये नेतृत्व कसं वाढतं यावर पुष्कळ ऐकलं, शिबिरांतून पुष्कळ वह्या भरल्या. त्यातून माझ्यापुरतं शिल्लक राहिलं ते एवढंच. स्काऊट-गाईडमध्ये अशा गटाला संघ म्हणतात आणि त्या मुलाला संघनायक. दोनचार संघ मिळून पथक होतं. तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत गाईड कॅप्टन होते. गळ्यात स्कार्फ, तो आवळून धरणारं वॉगल, खांद्याला शिट्टीची दोरी, असा माझा शनिवार असायचा. पण या पद्धतीचा इतिहास मी वाचला तो फार उशिरा, आणि वाचताना एक गोष्ट ठळक दिसत गेली. हा इतिहास मुलांच्या पराक्रमाचा कमी आहे. मोठ्यांनी मुलांच्या हाती काय सोपवलं, काय हातचं राखून ठेवलं आणि कोणाच्या मुलांना मुळात सोपवण्यालायकच मानलं नाही, याचा जास्त आहे.

त्याची सुरुवात लढाईत झाली. मॅफेकिंग हे दक्षिण आफ्रिकेतलं रेल्वेमार्गावरचं लहानसं गाव. १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९०० असे २१७ दिवस बोअर सैन्याचा त्याला वेढा होता. आत ब्रिटिश कर्नल रॉबर्ट बेडन-पॉवेल. त्याच्याकडे लढणारी माणसं मोजकी. तेव्हा त्याचा एक अधिकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल याने गावातल्या मुलांचं दल उभं केलं. निरोप पोचवायचे, टेहळणी करायची, दवाखान्यात हाताखाली राबायचं, म्हणजे मोठे लढायला मोकळे. मुलं आधी गाढवांवरून निरोप नेत. अन्न तुटत गेलं तशी गाढवंही खाण्यात गेली, मग सायकली आल्या. या मुलांचा म्होरक्या होता १३ वर्षांचा वॉर्नर गुडइयर. गोळीबार चालू असताना ही पोरं कामं चोख करत होती, हे बेडन-पॉवेलच्या मनात घर करून राहिलं. मुलावर खरी जबाबदारी टाकली की ते ती पेलतं, हा त्याचा निष्कर्ष. त्याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. दलातली मुलं गोऱ्यांची होती. वेढ्यात अडकलेल्या आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा कमी शिधा येत होता. भरवसा ठेवण्याची ही नवी रीत जन्मली तीच कुंपण घेऊन.

बेडन-पॉवेल इंग्लंडला परतला तेव्हा सैनिकांसाठी त्याने लिहिलेलं टेहळणीचं पुस्तक तिथली शाळकरी मुलं वाचत होती. मग त्याने प्रयोग करायचा ठरवला. १९०७च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूल बंदराजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरलं. निम्मी मुलं ईटन-हॅरोसारख्या श्रीमंत शाळांतली, उरलेली बोर्नमथ आणि पूलमधल्या कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्हीकडची मुलं एका तंबूत झोपणं हीच केवढी गोष्ट होती. चार संघ पाडले: लांडगा, बैल, कावळा आणि कुरल हा पाणथळीतला पक्षी. प्रत्येकाच्या खांद्यावर आपापल्या संघाच्या रंगाची फीत. प्रत्येक संघावर त्यातलाच एक थोराड मुलगा नायक, आणि संघातल्या मुलांच्या वागणुकीला जबाबदार तोच.

शिबिराच्या दिनक्रमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रात्रीची आहे. रोज एका संघाची पाळी असे. त्यांना पीठ, मांस, भाजी, चहा असा कोरडा शिधा, एक भांडं, काड्यापेटी आणि पांघरुणं देऊन बेटावरच्या नेमून दिलेल्या जागी पाठवत. चूल मांडायची, रांधायचं, जेवायचं, पहारे लावायचे आणि उजाडेपर्यंत तिथेच राहायचं. गाठी मारणं, माग काढणं, झाडं ओळखणं हे दिवसा शिकवलं जाई. पण नेतृत्व तयार होत होतं ते त्या रात्रीच्या मुक्कामात, जिथे भात करपला तर करपलाच खायचा असतो आणि पहाऱ्यावरचा झोपला तर त्याला हलवून उठवणारा दुसरा एक मुलगाच असतो. ब्राउनसीवर भात नव्हता, मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच मुली येतात.

१९०८मध्ये त्याचं ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ पंधरवड्याला एक अशा सहा भागांत आलं आणि चळवळ त्याच्या आवाक्याबाहेर पसरली. पुढच्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात हजारो मुलांबरोबर काही मुलीही गणवेश घालून हजर झाल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आम्हीही स्काऊट आहोत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या आगाऊपणातून १९१०मध्ये गाईड चळवळ निघाली आणि तिची धुरा बेडन-पॉवेलच्या बहिणीकडे, ॲग्नेसकडे आली. गाईडच्या इतिहासातलं पहिलं नेतृत्व कोणी सोपवलेलं नाही, मुलींनी ते घेतलेलं आहे. माझ्या मुलींना ही गोष्ट सांगितली की पथकातल्या सगळ्यात लाजऱ्या मुलीचीही मान ताठ व्हायची.

याच सुमाराला, १९०९मध्ये, स्काऊट भारतात आला. बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिलं पथक काढलं. जबलपूरला १९११मध्ये गाईडचं पथक निघालं. ही पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींची होती. भारतीय मुलांना दार बंद. कारण उघड आहे. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस. नकाशे वाचणं, माग काढणं, दुरून खुणेने निरोप देणं आणि सात-आठ जणांच्या गटाने वरिष्ठांवाचून काम उरकणं, हे सगळं भारतीय पोरांना शिकवलं तर ती पुढे काय करतील, ही सरकारला धास्ती. एका परीने सरकारने या पद्धतीला दिलेली ही सर्वांत मोठी दाद म्हणायची. ती काम करते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

बंद दाराशी भारतीय थांबले नाहीत. १९१३मध्ये मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी पथक काढलं. नागपूरला न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले बोस ते हेच. त्याच वर्षी शाहजहानपूरला रेल्वेतले श्रीराम बाजपेयी यांनी स्वतःचं पथक उभं केलं. मद्रासेकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन काढली. तिथल्या मुलांच्या डोक्यावर हॅटऐवजी फेटा आला आणि शेकोटीभोवती देशी गाणी आली. अलाहाबादेत १९१८मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. मेळ्यातली गर्दी, चुकलेली माणसं, साथीचे रोग, हे त्यांचं ब्राउनसी. तिथे सराव म्हणून कोणी जखमी झाल्याचं नाटक करावं लागत नव्हतं.

१९२१मध्ये बेडन-पॉवेल भारतात आला. बेझंटबाईंची संघटना त्याच्या संघटनेत सामील झाली आणि भारतीय मुलांना रीतसर प्रवेश मिळाला. मात्र वचन घेताना राजाशी निष्ठा आलीच. गांधीजींच्या असहकाराच्या त्या वर्षांत कितीतरी घरांत ही अडचण झाली असणार, हे सांगायला नको. १९३७मध्ये दिल्लीच्या जांबोरीसाठी, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्यासाठी, तो पुन्हा आला आणि परत गेल्यावर त्याने भारतीयांच्या चारित्र्याविषयी हिणकस लिहिलं. इथे संतापाची लाट उठली. १९३८मध्ये वेगळी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली, तिच्यामागे कुंझरू आणि बाजपेयीच होते. मला या प्रसंगाचं नवल वाटतं ते असं: लंडनच्या गल्लीतल्या उनाड पोरावर आधी विश्वास टाका, मग तो लायक होईल, हे सगळ्या जगाला शिकवणारा माणूस, आणि आमच्या मुलांच्या बाबतीत त्याचा क्रम उलटा. आधी लायकी दाखवा, मग बघू.

महाराष्ट्रात तोवर दुसरंही काही घडत होतं. १९४१च्या जूनमध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळच्या मैदानावरच्या शाखेत खेळ, कवायत, गाणी, बौद्धिक. शाखानायक वयाने फार मोठा नसायचा. जातपात बाजूला ठेवून मुलगे आणि मुली एकाच शाखेत, ही त्या काळात घराघरांत वाद पेटवणारी गोष्ट होती. पुढे सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले अशी माणसं महाराष्ट्राने पाहिली. गणवेश वेगळा, वचन वेगळं, राजकारण तर साफ वेगळं. पण लहान गट, जवळच्या वयाचा नायक आणि हातात खरं काम, ही मांडणी तीच. चांगली पद्धत ही कोणा एकाची मालकी नसते.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद आदींच्या पुढाकाराने देशातल्या स्काऊट संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५०ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ला गाईडही त्यात आल्या. वचनातला राजा गेला, देश आला. हिंदू असो, मुसलमान असो, कोणाच्याही मुलाला दार उघडं झालं. इतिहासाची पुस्तकं इथे समाधानाने मिटतात. मला मात्र वाटतं, कुंपण तिथून उठून शाळेत आलं.

कसं ते सांगते. पथक भरलं की पहिला प्रश्न संघनायकाचा. बहुतेक शाळांत तो प्रश्न शिक्षकच सोडवून टाकतात. वर्गात पहिली येणारी, इंग्रजी स्वागतगीत म्हणणारी, नाहीतर बाजार समितीत ज्यांचं वजन आहे त्यांची मुलगी. खिशावर नायकाच्या पट्ट्या तिच्या, फोटोत मधोमध ती. आमच्याकडे मी मुलींना आपसांत ठरवायला सांगत असे. त्यासाठी आधी दोन महिने संघ नायकाशिवाय चालवायचा, म्हणजे कोण काय करतं ते त्यांनाच दिसतं. एका वर्षी एका संघाने निवडलेली मुलगी गणितात कायम काठावर पास होणारी. आई ऊसतोडीला जायची, त्यामुळे घर, धाकटी भावंडं आणि चूल तिच्याकडे. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही कसली नायक? मी म्हटलं, शिबिराला चला आणि बघा.

शिबिरात बिनभांड्यांचा स्वयंपाक असतो. तवा नाही, पातेलं नाही. वांगी निखाऱ्यात भाजायची, बटाटे मातीत लिंपून पुरायचे, कणकेचे गोळे काडीला गुंडाळून शेकायचे. बाकीच्या संघांत वाद चालले होते तेव्हा या मुलीने विस्तव दोन जागी केला, एक धगीचा आणि एक निखाऱ्याचा. धूर सोसत नव्हता त्या दोघींना पाण्यावर पाठवलं. सगळ्यात हुशार मुलीकडे वेळ मोजायचं काम दिलं. कोणावर ओरडली नाही. जेवण झाल्यावर स्वतः शेवटी बसली. हे मी शिकवलेलं नव्हतं. ती ते घरून घेऊन आली होती. संघाने तिला फक्त त्याचा अधिकार दिला.

‘खरी कमाई’चंही असंच. मुलांनी स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे, हिशेब ठेवायचा, असा हा उपक्रम. प्रत्यक्षात भेळ आया घरून करून देतात, पाटी बाबा रंगवतात, गल्ला सर सांभाळतात आणि मूल पाटीजवळ उभं राहतं. तोटा होऊ नये म्हणून मोठ्यांची केवढी धडपड. आमच्या एका संघाने कोथिंबीर घेतली ती दुपारपर्यंत सुकली आणि भांडवल अर्धं झालं. पुढच्या शनिवारी कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे संघनायकांची सभा, बसली. ओलं फडकं कोणी आणायचं होतं यावर तासभर खल झाला. त्या तासाभराइतकं शिकवणारं व्याख्यान मी आजवर ऐकलेलं नाही.

आता प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, ही शिडी पालकांना पाठ असते; दहावीच्या सवलतीच्या गुणांची चौकशी तर पथक सुरू व्हायच्या आधीच होते. त्यात वाईट काही नाही. शिवाय शहरांतून ‘लीडरशिप कॅम्प’ निघाले आहेत, सुट्टीतले चार दिवस, भरपूर फी, शेवटी प्रमाणपत्र. ओळखीचे पालक मला विचारतात, अमक्या शिबिराला घालू का? मी त्यांना तीन गोष्टी विचारून यायला सांगते. तिथे जेवायला काय करायचं हे कोण ठरवतं? पैशांची वही कोणाकडे असते? आणि काही बिघडलं तर निस्तरतं कोण? तिन्हींचं उत्तर ‘आमचे प्रशिक्षक’ असेल, तर मुलाला त्या चार दिवसांसाठी आजोळी पाठवावं आणि मामाच्या दुकानाचा गल्ला एक दिवस त्याच्याकडे द्यावा.