कांट, गीता आणि तांबरमचा वारसा

तांबरमचे मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ पर्यंत मद्रास शहरातील जॉर्ज टाउन भागात होते. तेथेच सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी ए. जी. हॉग प्रभृती अध्यापकांच्या हाताखाली तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले. वेदान्तात नीतीला स्थान नाही, या मिशनरी आक्षेपाला त्यांनी एम. ए.च्या प्रबंधात (१९०८) उत्तर दिले. पुढे १९११ साली गीतेचे नीतिशास्त्र आणि कांट यांची तुलना करणारा त्यांचा लेख ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एथिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले (प्रकाशन १९१५). कर्माची नीतिमत्ता कर्त्याच्या शुद्ध बुद्धीवर अवलंबून असते, या मताच्या पुष्ट्यर्थ त्यांनीही कांटचा दाखला दिला.

निष्काम कर्म आणि कांटचे ‘कर्तव्यासाठी कर्तव्य’ यांची जोडी तेव्हापासून आपल्याकडे रूढ झाली. तिच्यासोबत कांटची एक प्रतिमाही रुजली : भावनेला थारा न देणारा, कर्तव्यकठोर विचारवंत. गेल्या काही दशकांतील संशोधनाने ही प्रतिमा बरीचशी बदलली आहे. कर्तव्यबुद्धी जागी असेल, तर सोबत जिव्हाळा असल्याने कृतीचे नैतिक मूल्य उणावत नाही, हे बार्बरा हर्मन यांनी साधार दाखविले (१९९३). क्रिस्टीन कोर्सगार्ड (१९९६) आणि ॲलन वुड (१९९९) यांनी माणसाला केवळ साधन न मानता साध्य मानणे हे कांटच्या नीतीचे हृदय ठरविले. १७८५ च्या छोट्या ग्रंथापाशी न थांबता १७९७ चा ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ हा ग्रंथही वाचावा, असा या अभ्यासाचा रोख आहे. दरिद्री आणि रुग्ण जेथे असतात ती ठिकाणे टाळू नयेत, अशी शिकवण देणारा कांट तेथे भेटतो.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक बोचरा प्रश्न वेगळाच आहे. १७७५ च्या निबंधात कांटने मानवजातीचे चार वंश कल्पिले. त्यांतील एक हिंदुस्थानी. वंशांत उच्चनीचताही त्याने मानली. मात्र १७९५ च्या ‘चिरंतन शांती’ या निबंधात युरोपीय व्यापाऱ्यांनी व्यापाराच्या मिषाने हिंदुस्थानात फौजा आणून केलेल्या जुलमाचा त्याने निषेध केला. कांटचे मत उत्तरायुष्यात पालटले, असे पॉलीन क्लाइंगेल्ड यांचे प्रतिपादन आहे (२००७). ह्वापिंग लू-ॲडलर यांचा ग्रंथ (२०२३) मात्र हा प्रश्न इतक्या सहज मिटू देत नाही. वाद अद्याप चालू आहे.

विद्यार्थ्याने प्रथम १७८५ चा मूळ ग्रंथ, मग हर्मन व वुड, आणि शेवटी क्लाइंगेल्ड व लू-ॲडलर एकत्र वाचावेत. त्यानंतर राधाकृष्णन आणि टिळक पुन्हा उघडावेत. परकीय सत्तेच्या छायेत त्या दोघांनी कांटशी बरोबरीच्या नात्याने संवाद केला. मानवजातीच्या प्रतवारीचा प्रश्न त्या संवादाबाहेर राहिला. तो त्यात आणणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.