फुकटच्या नावाचा सातबारा

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आपण 'विकत घेतलं' असं सहज म्हणतो. खरं तर ते कुणीच विकत घेत नाही. ते भाडेपट्ट्याने मिळतं, डॉट कॉमच्या बाबतीत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. मुदत संपली, पैसे भरले नाहीत, की नाव परत बाजारात. पट्टा कुणाच्या नावावर आहे याची एक नोंद असते. आपण तिला सातबारा म्हणू. (सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे वकील मित्र खाली सांगतीलच. मान्य. पण भांडण लागलं की गावात आधी तोच काढतात.) तुमच्याकडून पैसे घेऊन ही नोंद करणारा दुकानदार म्हणजे रजिस्ट्रार. डॉट कॉम, डॉट इन अशा एकेका शेपटाची अख्खी वही जिच्याकडे असते ती रजिस्ट्री.

हे लिहायचं कारण म्हणजे 'वेबसाइट करा, डोमेन फ्री' या जाहिराती. पतसंस्था, शाळा, गणेश मंडळं, छोटे उद्योग, सगळ्यांना हे आमिष मिळतं. फुकटच्या नावांना मोठा इतिहास आहे आणि तो अजिबात कंटाळवाणा नाही.

सुरुवातीला सगळीच नावं फुकट होती. पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीचं. पुढची दहा वर्षं अर्ज करा, नाव घ्या, असा कारभार होता. खर्च अमेरिकन सरकार उचलायचं. १९९३ पासून नोंदणीचं काम नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीकडे होतं. मग लोकांचा लोंढा आला आणि सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर अशी फी लागली. तेव्हा लोक चिडले होते. पण फी लागायच्या आधी ज्यांनी नाव घेतलं, त्यांच्यातल्या एकाची कथा ऐकली की वाटतं, त्या १०० डॉलरची पावती हातात असती तर बरं झालं असतं.

हा माणूस गॅरी क्रेमेन. मॅच डॉट कॉम ही जोड्या जुळवणारी वेबसाइट काढणारा. १९९४ मध्ये त्याने सेक्स डॉट कॉम हे नाव फुकटात नोंदवलं. नोंद त्याच्या 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या व्यवसायाच्या नावे होती. त्याने तिथे काही सुरू केलं नव्हतं, नाव नुसतं पडून होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन या, फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगून नुकत्याच सुटलेल्या माणसाने नेटवर्क सोल्यूशन्सला एक पत्र दिलं. पत्र म्हणे ऑनलाइन क्लासिफाइड्सचं, कोहेनला लिहिलेलं. आशय असा, की आम्ही क्रेमेनला काढून टाकलंय, हे नाव आम्हाला नको, तुम्ही घ्या. मग हे त्यांनी थेट नोंदणी कंपनीला का नाही कळवलं? त्याचंही उत्तर पत्रातच होतं. आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही, म्हणून तुम्हीच कळवा!

कंपनीचं नाव ऑनलाइन क्लासिफाइड्स, आणि इंटरनेट नाही. कुणालाही संशय यावा. नोंदणी कंपनीला आला नाही. तिने क्रेमेनला एक फोनसुद्धा न करता नाव कोहेनच्या खात्यावर चढवलं. आपल्याकडे जमिनीच्या फेरफाराला निदान नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. तिथे तेवढंही नव्हतं. कोहेनने त्या नावावर लाखो डॉलर कमावले. क्रेमेन कोर्टात गेला, २००० मध्ये नाव परत मिळालं, २००१ मध्ये ६.५ कोटी डॉलर भरपाईचा हुकूम झाला. कोहेन तोवर मेक्सिकोत पसार.

मग क्रेमेनने नोंदणी कंपनीलाच धरलं. आणि इथे फुकटचं दुखणं बाहेर आलं. कंपनीशी माझा करार होता, तो तिने मोडला, हा क्रेमेनचा एक मुद्दा. २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो मान्य केला नाही. का? तर त्याने नावासाठी काहीच मोबदला दिला नव्हता. मोबदला नाही, तर करार नाही. मात्र त्याच कोर्टाने दुसरी गोष्ट स्पष्ट केली. डोमेन ही मालमत्ता आहे, आणि एकाची मालमत्ता शहानिशा न करता दुसऱ्याच्या हाती दिली तर ती देणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली. क्रेमेन तरला तो एवढ्याचमुळे, की फुकट का होईना, मूळ नोंद त्याची होती.

हा 'एवढ्याचमुळे' लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १९९९ पासून डॉट कॉमची नोंदणी एका कंपनीच्या हातून सुटून अनेक रजिस्ट्रार आले, भाव पडले. गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नाव नेऊ लागलं, म्हणजे ट्रान्सफर सुरू झाली. जुने दुकानदार अर्थातच अडवणूक करायचे. म्हणून नोव्हेंबर २००४ मध्ये नियम आला, की जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत काही कळवलं नाही तर ट्रान्सफर मंजूर समजायची. हेतू चांगला होता. दोन महिन्यांत, जानेवारी २००५ मध्ये, न्यूयॉर्कमधली पॅनिक्स ही जुनी इंटरनेट कंपनी सकाळी उठली तर तिचं स्वतःचंच नाव ऑस्ट्रेलियातल्या एका रजिस्ट्रारकडे गेलेलं. हजारो ग्राहकांची मेल भलतीकडे चाललेली. त्यात शनिवार-रविवार, फोन उचलायला कुणी नाही. मालकाची परवानगी तपासायचं काम ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एका एजंटाने केलंच नव्हतं.

दोन वर्षांनी उलटा प्रकार घडला. रजिस्टरफ्लाय नावाचा स्वस्तातला रजिस्ट्रार मालकांच्या भांडणात बुडाला. लोकांनी रिन्यूचे पैसे भरले होते, तरी त्यांची नावं मुदत संपून गेली. दुसरीकडे न्यायची म्हटलं तर ट्रान्सफरचा कोड मिळेना. आयकॅनने २००७ मध्ये त्याची मान्यता काढली आणि नावं गोडॅडीकडे सोपवली.

आज ट्रान्सफर करताना जी कटकट वाटते ती या प्रसंगांतून आली आहे. कुलूप उघडा, गुप्त कोड घ्या, मेलवरून होकार द्या, पाच दिवस थांबा, नवीन नोंदणीनंतर पहिले ६० दिवस हलता येणार नाही. त्या कटकटीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे सगळं डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांना लागू. देशांच्या दोन अक्षरी शेपटांचे नियम त्या त्या देशाचे. आयकॅनचा हात तिथे पोचत नाही. आणि फुकटचा सगळ्यात मोठा बाजार भरला तो नेमका तिथेच.

टोकेलाऊ हे नाव ऐकलंय? पॅसिफिक महासागरातली तीन प्रवाळबेटं, अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. न्यूझीलंडच्या ताब्यात. वस्ती साधारण १,५००, म्हणजे आपल्याकडचं एखादं छोटं गाव. विमानतळ नाही. सामोआहून बोटीने जायचं, एक दिवसाहून जास्त लागतो. टेलिफोन आले ते १९९७ मध्ये. आंतरराष्ट्रीय यादीत देश-प्रदेश म्हणून टोकेलाऊला दोन अक्षरं होती, टीके, आणि त्या हिशेबाने त्याच सुमाराला डॉट टीके हे शेपूटही मिळालं. बेटावर ते वापरणारं फारसं कुणी नव्हतं.

जूस्ट झूरबियर या डच उद्योजकाला त्यात धंदा दिसला. त्याने टोकेलाऊशी करार केला आणि डॉट टीके नावं जगभर फुकट वाटायला सुरुवात केली. कंपनी पुढे फ्रीनॉम नावाने ओळखली गेली. बेटांना थोडा मोबदला मिळाला, इंटरनेटच्या सोयीला हातभार लागला. गरीब बेटवासीयांनी ते घेतलं यात त्यांचा काय दोष? काही वर्षांत डॉट टीके हे देशांच्या शेपटांमध्ये जगातलं सगळ्यात मोठं ठरलं. कोट्यवधी नावं, जर्मनी आणि चीनच्याही पुढे. मग माली (डॉट एमएल), गॅबन (डॉट जीए), मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक (डॉट सीएफ) आणि विषुववृत्तीय गिनी (डॉट जीक्यू) हे चार आफ्रिकी देशही त्याच गाडीत बसले.

आता सातबाऱ्याकडे या. फ्रीनॉमच्या अटींत लिहिलेलं असायचं, की फुकट नावाची नोंद कंपनीच्याच नावे राहील, तुम्हाला फक्त वापरायचा हक्क. म्हणजे क्रेमेनकडे जे होतं, 'मूळ नोंद माझी', तेही इथे नाही. फुकट नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नसे. मुदत जास्तीत जास्त १२ महिन्यांची, आणि रिन्यू करायची खिडकी शेवटच्या १४ दिवसांत उघडायची. विसरलात, की नाव गेलं. गेलेल्या नावावर येणारी वर्दळ कंपनी जाहिरातींकडे वळवायची, आणि खरी कमाई तिथली. तुम्ही दोन वर्षं राबून साइटला वाचक आणायचे, आणि एक तारीख चुकली की ते वाचक त्यांचे. नाव चालायला लागलं की काढून घेतलं आणि मग पैसे मागितले, अशाही तक्रारी जगभरातून होत्या.

पैसे नकोत, ओळख नको, असं म्हटल्यावर भामटे येणारच. बँकेच्या नावाने खोटी पानं, फेसबुकसारखी दिसणारी लॉगिनची पानं, सगळं या पाच शेपटांवर बोकाळलं. मेटाने कॅलिफोर्नियात दावा लावला. २०२३ च्या सुरुवातीला फ्रीनॉमने नवी नोंदणी बंद केली, कारण सांगितलं 'तांत्रिक अडचण'. जूनमध्ये गॅबनने आपली वही परत घेतली आणि ७० लाखांहून अधिक नावं पुसणार असं जाहीर केलं. त्यात भामटे होते तसे विद्यार्थी होते, छोटे दुकानदार होते, हौशी ब्लॉगवाले होते. दाद मागायची कुणाकडे? करार नाही, नोंद नाही, पावती नाही.

जुलैत मालीचा करार संपला, तेव्हा आणखी एक प्रकार उघड झाला. अमेरिकन लष्कराच्या पत्त्याचं शेपूट डॉट एमआयएल. घाईत 'आय' राहिला की डॉट एमएल, म्हणजे माली. अशा चुकून आलेल्या जवळपास १,१७,००० मेल झूरबियरने त्या वर्षी जानेवारीपासून गोळा केल्या होत्या, आणि वही आता मालीच्या सरकारकडे जाणार म्हणून तो अमेरिकेला सावध करत होता. नोव्हेंबरमध्ये आयकॅनने फ्रीनॉमच्या रजिस्ट्रार कंपनीची मान्यता रद्द केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेटाशी तडजोड झाली आणि फ्रीनॉमने डोमेनचा धंदाच सोडत असल्याचं सांगितलं.

आपल्याकडे गोष्ट इतकी टोकाची नाही. डॉट इनची वही निक्सी या संस्थेकडे, सरकारच्या देखरेखीखाली. २०११ मध्ये गुगलने छोट्या धंद्यांना डॉट इन नाव आणि साइट पहिलं वर्ष फुकट द्यायची मोहीम काढली होती. २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं, त्यात मराठीही होती, आणि २०२१ च्या सुरुवातीला डॉट इनबरोबर भारतीय भाषेतलं नाव मोफत द्यायची योजना निघाली. या फुकटात फसवणूक नव्हती. पण पहिल्या वर्षाचं फुकट म्हणजे दुसऱ्या वर्षाचं बिल, आणि ते बिल ज्या मेलवर येतं ती मेल कुणाची, हा प्रश्न उरतोच.

कारण आपल्याकडचा खरा घोळ वेगळा आहे. साइट करून देणारा मुलगा 'डोमेन माझ्याकडून' म्हणतो आणि स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर नोंदवतो. बऱ्याचदा लबाडीने नाही, सोय म्हणून. चार वर्षांनी तो पुण्याहून बंगळूरला नोकरीला जातो, फोन बदलतो, आणि पतसंस्थेच्या सचिवांना कळतं की आपल्या पासबुकावर छापलेल्या वेबसाइटच्या सातबाऱ्यावर आपलं नावच नाही. ट्रान्सफर करायची तर कोड त्याच्या खात्यात, होकाराची मेल त्याच्या इनबॉक्समध्ये. संस्थेने कधी पैसे दिल्याची वेगळी पावती नाही, कारण ते 'फ्री' होतं.

म्हणून मंडळाची, शाळेची, संस्थेची साइट असेल तर या आठवड्यात एवढं बघून घ्या. रजिस्ट्रार कोण, त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे, नोंदीत नाव आणि मेल संस्थेची की माणसाची, मुदत कधी संपते. २०१८ नंतर ही नोंद बाहेरच्यांना बहुतेक झाकलेली दिसते, त्यामुळे खात्यात आत जाऊनच बघावं लागेल. नाव दुसऱ्याच्या खात्यात निघालं तर तो माणूस फोन उचलतोय तोवर संस्थेचं खातं उघडून नाव त्यात घ्या. डॉट कॉम दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना साधारण एका वर्षाचे पैसे भरावे लागतात, पण तेवढं वर्ष मुदतीत वाढून मिळतं. ट्रान्सफर मुदतीच्या आदल्या दिवशी काढू नका, महिना-दीड महिना हाताशी ठेवा. आणि पावती संस्थेच्या नावाने मागा.

ता. क. टोकेलाऊच्या सरकारची स्वतःची वेबसाइट कोणत्या नावावर होती माहितीये? टोकेलाऊ डॉट ओआरजी डॉट एनझेड. म्हणजे न्यूझीलंडच्या.